झिपरीची साखर

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला हे लिहायला सांगितलं. त्यांच्याकडे अधूनमधून एखादं मधुमेही कुत्रं येतं आणि पहिल्या दिवशी सगळ्या मालकांचे चेहरे सारखेच पडतात म्हणे. "काकू, तुम्ही घरी सगळं निभावलंत. तुमच्या शब्दांत लिहून द्या, मी नव्या लोकांना वाचायला देईन," असं ते म्हणाले. मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. "उपरोक्त विषयास अनुसरून" यापलीकडे आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांना गोड गोड धीर हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. मला या प्रकाराचा अजून राग आहे आणि तो इथे उतरणारच.

घरात आम्ही तिघं. मी, माझे सासरे आप्पा आणि झिपरी. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी तेजू इंजिनियर झाली आणि जे सगळ्यांच्या मुलांचं होतं तेच झालं, बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. झिपरी खरं तर तिची. बारावीच्या सुट्टीत हट्टाने आणलेलं पॉमेरियनचं पिल्लू. तेजूने नाव ठेवलं होतं ट्विंकल. आप्पांनी त्या केसांच्या गोळ्याकडे एकदा बघितलं, "ही कसली ट्विंकल, झिपरी आहे नुसती," म्हणाले आणि विषय संपला. तेजू बंगळूरला गेली, झिपरी इथे पुण्यात, बिबवेवाडीत आमच्याकडे राहिली. आप्पा टपाल खात्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. सकाळ-संध्याकाळ झिपरीला फिरवणं हेच त्यांचं ऑफिस होतं.

पाण्याचं भांडं

जानेवारीत झिपरी पाणी प्यायला लागली. म्हणजे आधीही प्यायचीच, पण आता भांडं भरून वळावं तर रिकामं. मग चपलांच्या स्टँडजवळ शू. आठ वर्षांत कधी असं केलं नव्हतं. मी तिला रागावले. दोनदा वर्तमानपत्राची सुरळी करून फरशीवर आपटली. ती कानात वारं शिरल्यासारखी पळायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच करायची. खाणं वाढलं होतं आणि अंग मात्र उतरत होतं. केसांमुळे दिसत नव्हतं, पण आंघोळ घालताना हाताला फासळ्या लागल्या तेव्हा आप्पा म्हणाले, डॉक्टरांना दाखवू या.

डॉक्टर तरुण आहेत, बोलतात कमी. कानातून थेंबभर रक्त घेतलं, यंत्रात घातलं, आकडा बघितला, पुन्हा घेतलं. मग म्हणाले, हिला डायबेटिस आहे.

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं की माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो, गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन द्यावं लागेल, दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, जन्मभर. साखर आवाक्यात ठेवली तर ही अजून पाच-सहा वर्षं छान जगेल. नाही ठेवली तर आधी डोळे जातील आणि मग बाकीचं. मी विचारलं, इंजेक्शन द्यायला रोज इथे आणायचं का? ते म्हणाले, नाही, तुम्ही द्यायचं.

रिक्षात आप्पांनी झिपरीला मांडीवर घेतलं होतं. रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला थांबली. मग आप्पा म्हणाले, "आपण तिला शू केल्यावर रागावलो." ‘आपण’ म्हणाले ते, पण रागावले होते मीच.

पेशंटचं आडनाव

आजारी कुत्रं घरात असलं की पहिला त्रास कुत्र्याचा नसतो, माणसांचा असतो. औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी दिली. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हटलं, झिपरी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "आडनाव?" मी आमचं आडनाव सांगितलं. त्यांनी बिलावर ते लिहिलंही. त्या दिवसापासून मी दुकानात शिरले की ते विचारतात, "कसं काय आहे घरच्या मंडळींचं?" त्यात चौकशी किती आणि टोमणा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सोसायटीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनाही शुगर आहे, पण ते एवढे लाड करून घेत नाहीत. एका सद्गृहस्थांनी जिन्यात थांबवून सुचवलं की मुकं जनावर आहे, त्याचे हाल कशाला, एक सुई द्यायची की सुटलं. मी म्हटलं, दोन सुया रोज देतेच आहे, तिसरी कुणासाठी लागली तर सांगते. त्यानंतर ते माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच एक गोष्ट या आजारातून चांगली झाली.

तेजूचं वेगळंच. ती ऑफिसमधल्या इंटरनेटवरून परदेशातल्या कुत्रेवाल्यांचे सल्ले छापून कुरियरने पाठवायची. त्यात असं काही असायचं की टर्कीचं मांस वाफवून द्या. मी मंडईत टर्की शोधत फिरू का, असं मी तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, आई, तू चिडतेस फार. मग मी अजून चिडले.

साडेसात आणि साडेसात

इंजेक्शनची वेळ ठरली सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. आधी खाणं, मग सुई. खाणं मोजून: उकडलेली कोंबडी, दुधी, थोडा श्रावणघेवडा, नाचणीची अर्धी भाकरी. मंडईतली माझी नेहमीची भाजीवाली इतका दुधी बघून म्हणाली, "ताई, घरात कुणाला बीपी?" मी हो म्हटलं. खरं सांगायला लागलं असतं तर तासभर तिथेच गेला असता.

पहिल्या आठवड्यात सुई केसांतून आरपार जाऊन औषध माझ्याच बोटावर यायचं. डॉक्टरांनी शिकवलं: मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी वर उचलायची आणि खाली सुई सरकवायची. बाटली हलवायची नाही, दोन्ही तळहातांत धरून हलके फिरवायची. आप्पा झिपरीचं डोकं धरायचे आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. "मला दे, मी करतो," असं ते एकदा म्हणाले होते. मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला सिरिंजवरच्या रेघा दिसायच्या नाहीत. ते खरंच होतं, पण मी ते ज्या सुरात म्हटलं तो सूर चांगला नव्हता.

बारा तासांची ही दोरी गळ्यात पडली की आयुष्यच तेवढं आखूड होतं. माझ्या बहिणीने वारज्याला नवा फ्लॅट घेतला. वास्तूचा कार्यक्रम, संध्याकाळचं जेवण. मी साडेपाचलाच उठले, कारण दोन बस बदलून बिबवेवाडीला साडेसातच्या आत पोहोचायचं होतं. बहिणीने सगळ्यांसमोर विचारलं, कुत्र्यासाठी चाललीस? मी हो म्हटलं. तिने चार महिने फोन केला नाही. ऑफिसात साहेबांनी दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी घरी पेशंट आहे असं अर्जात लिहिलं. नातं लिहा, म्हणाले. तो रकाना मी कोरा ठेवला.

आणि साखर मोजायची कशी? सुरुवातीला यंत्र नव्हतं. लघवीत कागदाची पट्टी बुडवायची आणि रंग बघायचा. त्यासाठी ती लघवी धरावी लागते. सकाळी सहा वाजता, सोसायटीच्या आवारात, गाऊनवर ओढणी घेतलेली पन्नाशीची बाई हातात आमटीचा जुना डाव घेऊन एका पॉमेरियनच्या मागे वाकून वाकून चालते आहे, हे दृश्य बिबवेवाडीने त्या हिवाळ्यात रोज पाहिलं. झिपरीला ते अजिबात पसंत नव्हतं. डाव खाली सरकवला की ती बसलेली उठायची. आप्पा बाजूला तोंड फिरवून उभे राहायचे आणि त्यांचे खांदे हलताना दिसायचे. दिलीप, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून मी त्यांना हसताना फारसं पाहिलं नव्हतं. पुढे तेजूने रक्त तपासायचं यंत्र पाठवलं. तिने पाठवलेली ती एकमेव कामाची वस्तू. डाव मी टाकून दिला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं बसलं. इन्सुलिन दोन्ही वेळा तीन-तीन युनिट, आकडे आवाक्यात, पाण्याचं भांडं पुन्हा दिवसभर पुरायला लागलं. झिपरीच्या फासळ्या झाकल्या. मी तेजूला फोनवर सांगितलं, जमलं बाई एकदाचं. इथेच थांबले असते तर हे लिहिण्याची गरज नव्हती.

भारनियमन

एप्रिल लागला आणि वीज जायला लागली. तेव्हाचं भारनियमन पुण्यात कुणी विसरलेलं नसेल. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन तास, गुरुवारी तर दिवसभर आनंद. एकीकडे हिंजवडीला काचेच्या इमारती रात्रंदिवस झगमगताहेत म्हणून पेपरात फोटो यायचे, आणि इकडे मी मेणबत्तीच्या उजेडात सिरिंजवरच्या रेघा मोजत होते. वीज कंपनीला फोन लावला की तो एंगेज असायचा. बहुधा उचलून बाजूला ठेवत असावेत.

मला काळजी होती इन्सुलिनची. गरम झालं की खराब होतं, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा. वीज गेली की दाराकडची बाजू तासाभरात कोमट व्हायची. म्हणून मी बाटली रुमालात गुंडाळून स्टीलच्या डबीत घातली आणि बर्फाच्या कप्प्याखाली जो ट्रे असतो तिथे ठेवली. वीज गेली तरी तिथला गारवा टिकायचा. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे इथे कबूल करते.

त्याच महिन्यात साखर चढायला लागली. आधी अडीचशे, मग तीनशे, मग साडेतीनशे. पाण्याचं भांडं पुन्हा रिकामं. डॉक्टरांनी चार युनिट केले, मग पाच. फरक शून्य. सहा केले. मी सगळं घड्याळाच्या काट्यावर करत होते. खाणं ग्रॅमवर मोजत होते. आणि आकडा असा यायचा, जणू मी सुईतून पाकच टोचत होते.

मेच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, "काकू, आता अजून वाढवायला मला भीती वाटते. घरात कुणी काही घालत नाहीये ना?"

मी म्हटलं, घरात मी आणि सासरे, दोघंच.  त्यांना पुढे विचारायची गरजही नव्हती. मी दिवसभर ऑफिसात असते, मग घरी कोण असतं?

खीर

त्या दिवसापासून मी आप्पांवर पाळत ठेवली. बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये घेतली. घरी आल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बोटं घालून चुरा लागतो का बघितलं. एकदा ते फिरायला निघाल्यावर मी मागून निम्म्या रस्त्यापर्यंत गेले. ते एका बाकावर बसले होते आणि झिपरी त्यांच्या पायाशी होती, बस. पण मला तेही संशयास्पद वाटलं. माणसाने एकदा ठरवलं की त्याला सगळीकडे तेच दिसतं.

वैशाख पौर्णिमेला आप्पा विहारात गेले. वंदना झाल्यावर खीर वाटतात. दरवर्षीप्रमाणे त्यांनी माझ्यासाठी छोट्या डब्यात घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरीची साखर चारशेच्या वर. त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की तिच्या डोळ्यांत दुधाळ काहीतरी दिसतंय. मी तिला खिडकीशी नेलं. दोन्ही डोळे. मी खिरीचा डबा उचलून ओट्यावर आपटला.

"आप्पा, खीर दिलीत ना तिला?"

"नाही दिली."

"मग साखर काय भिंतीतून आली? तिचे डोळे चाललेत, आप्पा. तुम्हाला दिसतंय का? एक चमचा, एक चमचा म्हणून तुम्ही तिला मारताय."

ते दारात उभे होते. त्यांनी मान हलवली आणि ते आत गेले. संध्याकाळी मी तेजूला फोन केला आणि मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, आप्पाच घालतात, वयच झालंय, काय बोलणार.

पुढचे दिवस घरात फार वाईट गेले. आप्पांनी झिपरीसमोर खाणंच बंद केलं. चहा घ्यायचा तर गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी आमरसाला हात लावला नाही. मी ऑफिसात गेले की ते झिपरीला हॉलमध्ये ठेवून स्वतः आतल्या खोलीत कडी लावून बसायचे, हे मला नंतर समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंकडून कळलं. झिपरी दाराशी रडायची म्हणे. आणि एवढं करूनही आकडा खाली येत नव्हता, तर मला वाटलं, मग रस्त्यात घालत असतील. मी म्हटलं, फिरायलाही मीच नेईन. ते हो म्हणाले. डॉक्टरांनी नाइलाजाने आणखी एक वाढवून सात युनिट केले होते.

"मी देऊ?"

जूनमध्ये एका सकाळी माझ्या हातून इन्सुलिनची बाटली ओट्यावरून पडली आणि फुटली. सात वाजले होते. चोवीस तास चालणाऱ्या एका दुकानात धावत गेले, नवी बाटली आणली, सव्वाआठला सुई दिली आणि तशीच ऑफिसला पळाले.

अकरा वाजता ऑफिसात फोन आला. आप्पा कधी ऑफिसात फोन करत नाहीत. त्यांचा आवाज बारीक झाला होता. झिपरी दारूड्यासारखी चालतेय, भिंतीला धडकतेय, मागचे पाय वाकडे पडतायत. आणि मग, बोलता बोलता, "शोभा, ती पडली. तिचे पाय झटके मारतायत."

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं मला आठवलं. साखर फार खाली गेली की असं होतं, आणि मग वेळ नसतो.

"आप्पा, साखर द्या तिला. पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा."

पलीकडून फक्त फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला.

"आप्पा?"

"साखर? मी देऊ?"

"हो, द्या लवकर."

"तू सांगतेयस ना? नक्की देऊ?"

मी इतक्या जोरात ओरडले की आमच्या विभागातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. रिसीव्हर बाजूला पडल्याचा आवाज आला. मग मला ओट्यावरचा डबा उघडल्याचं ऐकू आलं, चमच्याचं ऐकू आलं, आणि आप्पा तिच्याशी बोलत होते ते ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. मी तिथेच उभी राहिले. रिक्षाने घरी पोहोचायला अर्धा तास लागला असता आणि तो फोन सोडून मला निघताही येईना. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आप्पा फोनवर आले आणि म्हणाले, जीभ चाटतेय.

ट्रे

दवाखान्यात झिपरीला सलाईन लावलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, सात युनिटने हिला इतका फटका बसला, याचा अर्थ आजचं औषध लागू पडलं आणि आधीचं पडत नव्हतं. आजच्यात वेगळं काय होतं? मी म्हटलं, काही नाही, फक्त नवी बाटली. आधीची बाटली कुठे ठेवत होतात? मी सांगितलं. रुमाल, डबी, बर्फाखालचा ट्रे. सांगताना अजूनही मला तो माझा शहाणपणाच वाटत होता.

त्यांनी विचारलं, सकाळी बाटली काढताना कशी असायची?

मी म्हटलं, काचेवर थोडा बर्फ धरलेला असायचा. आतलं जरा घट्ट वाटायचं. म्हणून तर तुम्ही सांगितल्याप्रमाणे तळहातांत फिरवायचे, की सुटायचं.

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं की तळहातांत फिरवायचं ते खाली बसलेलं औषध एकसारखं मिसळायला. इन्सुलिन एकदा जरी गोठलं, तरी मेलं. वरून ओळखू येईलच असं नाही. एप्रिलपासून आणलेली प्रत्येक बाटली पहिल्याच रात्री गोठत होती. मी अडीच महिने झिपरीला दिवसातून दोनदा निरुपयोगी पाणी टोचत होते आणि घड्याळ बघून टोचत होते.

डोळ्यांचं विचारलं. मोतीबिंदू पिकलाय, म्हणाले. तो आता परत फिरत नाही. साखर आवाक्यात आली तर बाकी जीव वाचेल.

हे वाचणाऱ्यांसाठी एवढं ठळक लिहून ठेवते: बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, वीज गेली तर माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा, पण बर्फाजवळ नाही. आणि आकडा चढला तर आधी बाटलीकडे बघा, मग माणसांकडे.

डायरी

मी हे आप्पांना त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेजूला सांगितलं. तेजू म्हणाली, आप्पांना सांगितलंस का? मी म्हटलं, सांगते. झिपरी घरी आली होती, तीन युनिटवर तिची साखर दीडशेच्या घरात होती, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होते. मला लाज वाटत होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ज्या माणसाचा मुलगा गेला आणि जो तरीही सुनेच्या घरात इतकी वर्षं जपून वावरला, त्याला काय तोंडाने सांगायचं?

चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर आप्पा खुर्चीत बसलेले होते. त्यांनी बाहेर जायचा सदरा घातला होता. म्हणाले, "शोभा, माझं एक काम करशील? मला डोक्याच्या डॉक्टरांना दाखव."

मी विचारलं, काय होतंय?

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. पोस्टातली सवय, अक्षर सुबक. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून रोजची नोंद. सकाळी चहा गॅलरीत, दार बंद, झिपरीस काही दिले नाही. दुपारी जेवण आत, कडी लावून, झिपरीस काही दिले नाही. पानंच्या पानं तेच.

"मी तर काही दिलं नाही असंच मला आठवतं," ते म्हणाले. "इथे लिहिलंयही. पण साखर तर रोज चढत होती. तू इतक्या खात्रीने सांगायचीस. तू खोटं बोलणारी नाहीस. म्हणजे मी तिला काहीतरी देत असणार आणि विसरत असणार. लिहायचंही विसरत असणार. म्हणून मी कडी लावून बसायचो. पण आता मला स्वतःचाच भरवसा वाटत नाही बघ. गॅस चालू ठेवून बसलो एखाद्या दिवशी तर?"

मी त्यांच्या समोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. ट्रे, बर्फ, बाटली. काही गाळलं नाही. मला रडू आलं आणि सांगणं दोनदा थांबलं, तेव्हा ते थांबून राहिले. शेवटी मी म्हटलं, आप्पा, तुम्ही नाही. मी होते. झिपरीचे डोळे माझ्यामुळे गेले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मी काहीच दिलं नव्हतं?"

"नाही."

"खीरसुद्धा?"

"खीरसुद्धा नाही, आप्पा."

त्यांनी डायरी मिटली. मी माफी मागितली, ते असू दे म्हणाले. झिपरी त्यांच्या आवाजाच्या रोखाने आली आणि खुर्चीच्या पायाला धडकली. त्यांनी तिला उचलून घेतलं.

त्याला आता वर्ष होत आलं. झिपरीची साखर छान आहे, घर तिला पाठ झालंय, तेजू दर आठवड्याला फोन करते आणि टर्कीबद्दल काही बोलत नाही. आप्पा पुन्हा तिला फिरवतात. बिस्किटांचा डबा कपाटाबाहेर आहे. मीच त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, डॉक्टर म्हणाले या वयात इतकी चांगली स्मरणशक्ती क्वचित बघितली. आप्पांनी तो रिपोर्ट माझ्यासमोर दोनदा वाचला.

तरीही रोज संध्याकाळी, साडेसातचं इंजेक्शन झालं की, ते झिपरीचं डोकं सोडतात आणि मला विचारतात, "आज मी हिला काही दिलं नाही ना ग?" मी म्हणते, नाही आप्पा, काही नाही दिलंत. मग ते जाऊन बसतात. कधी कुकरची शिट्टी होते, कधी फोन वाजतो आणि माझं उत्तर राहून जातं. तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, मी सांगेपर्यंत.